बारा चौकोन आणि एक विळा

तळमजल्यावरचे गवतकाका बांधाच्या उतारावरून घसरून पडतील आणि तासन्‌तास कुणाला पत्ताही लागणार नाही, ही काळजी गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या काळजीची आमच्या घरात थट्टाच होते. गॅस बंद आहे ना हे बघायला मी तीनदा उठते, लेक प्रवासात असली की ती पोचेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. "आईला कारण शोधावं लागत नाही, कारणच पत्ता विचारत तिच्याकडे येतं," असं लेक म्हणते. पण ह्या वेळी काळजी हवेतली नाही. काका बहात्तर वर्षांचे आहेत, त्यांचा उजवा गुडघा धड वाकत नाही, आणि ते जिथे जातात तिथे जायला बंदी आहे. ते तिथे जातात हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत.

घरातले झोपले आहेत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. सकाळ व्हायच्या आत मला एक गोष्ट ठरवायची आहे आणि त्याआधी हा माणूस कोण, त्यानं आयुष्यभर काय केलं, हे एकदा सरळ लिहून बघावं असं वाटलं. माझ्या लेकीच्या अहवालात त्यांच्यावर एकच ओळ आहे: 'पूर्वी या ठिकाणी हातानं गवतकापणी होत असे.' एकोणचाळीस वर्षांची एक ओळ.

आमच्या खिडकीतून समोर तलावाचा बांध दिसतो. शहराला पिण्याचं पाणी ह्याच तलावातून येतं. मातीचा बांध, तीनशे पावलं लांब, दुमजली घराएवढा उंच. पलीकडे पाणी, अलीकडे गवताळ उतार, पायथ्याला रस्ता आणि रस्त्याच्या ह्या बाजूला आमची इमारत. त्या उताराचं गवत काका कापायचे. पाणीपुरवठा खात्यात त्यांचा हुद्दा होता 'मजूर, बांध देखभाल'. इमारतीतल्या मुलांनी त्याचं गवतकाका केलं, आणि ते इतकं चिकटलं की पेन्शनचे कागद घेऊन आलेला कारकूनसुद्धा "गवतकाका इथेच राहतात का?" असं विचारत आला होता.

मातीच्या बांधावरचं गवत कापतात कशासाठी? मी जीवशास्त्र घेऊन पदवीधर झालेली बाई. लग्न झाल्यापासून त्या बांधाकडे बघत भांडी घासते आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बांध नीटनेटका दिसावा म्हणून कापत असतील, असं मी धरून चालले होते. एकदा काकांना तसं म्हटलं तर ते खो खो हसले.

"नीटनेटकेपणासाठी कोण पगार देतंय ताई? बांध उघडा दिसावा म्हणून कापायचं. गवत कमरेइतकं झालं की बांध म्हणजे चादर डोक्यावरून घेऊन झोपलेला आजारी माणूस. ताप आहे की नाही, कळणार कसं?"

ताप म्हणजे ओल. बांधातून कुठे पाणी पाझरत असेल, उंदरानं बीळ केलं असेल, बारीक भेग पडली असेल, ते गवत काढल्याशिवाय दिसत नाही. एकोणिसाव्या वर्षी काका कामाला लागले तेव्हा म्हाताऱ्या मुकादमानं त्यांच्या हातात विळा दिला आणि तीन गोष्टी सांगितल्या. बी झडल्याशिवाय हात लावायचा नाही, नाहीतर पुढच्या वर्षी उतार उघडा पडेल आणि माती वाहून जाईल. कापलेलं गवत बांधावर ठेवायचं नाही, कारण त्याखाली उंदीर आणि ओल दोन्ही लपतात. आणि कापताना मान खाली, डोळे उघडे. बस्स, एवढंच शिक्षण. फुलांचं नावसुद्धा त्यात नव्हतं.

एक माणूस, एक विळा. पूर्ण उतार व्हायला सहा आठवडे लागायचे. म्हणजे डावीकडचा भाग न्हाव्यानं हात फिरवल्यासारखा, मधला घोट्याइतका वाढलेला आणि उजवीकडे अजून गवत उभं, त्यात किडे-फुलपाखरं मजेत. एका भागातून हाकललेले जीव दुसऱ्या भागात बिऱ्हाड हलवायचे. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. खात्याला दुसरा मजूर परवडत नव्हता, इतकंच.

भारे बांधून ते गोठेवाल्याला जायचे. वर्षानुवर्षं गवत बाहेर गेलं, वरून खत म्हणून चिमूटभरही पडलं नाही, त्यामुळे उताराची माती पार हलकी होऊन गेली. मला वाटायचं, माती कसदार तेवढी झाडांची चंगळ. लेकीनं कॉलेजात असताना मला उलट सांगितलं. कस वाढला की एखादंच दांडगं गवत सगळं खाऊन उंच होतं आणि बाकीच्यांचं ऊन अडवतं. गरिबीत कुणालाच माजता येत नाही, म्हणून तिथे पुष्कळजण राहू शकतात. मी ते ऐकून बराच वेळ विचार करत बसले होते. माणसांच्या बाबतीत हे खरं आहे का, असं तिला विचारलं तर म्हणाली, "आई, विषय झाडांचा चाललाय."

काकांना ह्या झाडांची पुस्तकातली नावं माहीत नाहीत. त्यांनी आपली ठेवली आहेत. जिचं बी कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतं ती सासूबाई. दुपारी बारानंतर मिटणारं निळं फूल म्हणजे सरकारी बाबू. दांडगं, उंच, धारदार पात्यांचं गवत म्हणजे घरजावई, "कारण येतो पाहुणा म्हणून आणि वर्षभरात सगळ्या खोल्या त्याच्या." आणि एक पिवळ्या फुलाचं, करंगळीएवढं नाजूक रोप आहे, त्याला ते फुकट्या म्हणतात. हे रोप स्वतःची मुळं शेजाऱ्याच्या मुळांना जोडतं आणि त्याचंच पाणी-अन्न पितं. शेजारी म्हणजे बहुतेक वेळा घरजावई.

"मग हा फुकट्या उपटून का नाही टाकला तुम्ही?" मी विचारलं होतं.

"सुरुवातीला टाकायचो. मुकादम ओरडला. म्हणाला, तो घरजावयाचं रक्त पितोय, तुझं काय जातंय? बघा ना ताई, फुकट्या जिथे आहे तिथे घरजावई गुडघ्याच्या वर जात नाही. मग खाली उजेड येतो. उजेड आला की बारकीसारकी पोरं डोकं वर काढतात."

असे त्रेचाळीस प्रकार काकांनी मोजले होते. बोटांच्या पेरांवर, हिवाळ्यातले वेगळे आणि उन्हाळ्यातले वेगळे. माझी लेक सात वर्षांची असताना शाळेतून आली की दप्तर फेकून त्यांच्यामागे उतारावर जायची, आणि तिनं वहीत लिहिलेली पहिली यादी ह्याच त्रेचाळीस नावांची होती. बाईंनी वहीत 'सासूबाई' वाचून मला शाळेत बोलावून घेतलं होतं, घरात काही तंटा आहे का म्हणून.

एवढे प्रकार असून उपयोग काय, असा प्रश्न मलाही पडायचा. काका त्यावर एक गोष्ट सांगतात. नोकरीच्या अकराव्या की बाराव्या वर्षी, भर उन्हाळ्यात, त्यांना उताराच्या मध्यावर एक गोल पानांचं हिरवंगार रोपटं दिसलं. तसलं रोपटं ते फक्त तलावाच्या काठच्या चिखलात बघत आले होते. माती वरून खडखडीत कोरडी होती. ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "तुला काय झाडाचं स्वप्न पडलं की काय?" काका तीन दिवस रोज जाऊन दारात उभे राहिले. चौथ्या दिवशी कंटाळून साहेबांनी दोन माणसं दिली. हातभर खणल्यावर ओली माती लागली आणि त्याखाली कधीकाळी बुजवलेला, नकाशातही नसलेला नळ. तो आतून पाझरत होता. अजून दोन वर्षं तसाच राहिला असता तर खालच्या रस्त्याचं आणि आमच्या इमारतीचं काय झालं असतं, ह्याचा विचार मी रात्री करत नाही. म्हणजे करते, पण लिहीत नाही.

"तिथे नुसता घरजावई असता," काका म्हणतात, "तर त्यानं मला काय सांगितलं असतं? तो ओल्यातही तसाच आणि कोरड्यातही तसाच. शंभरजण असले की त्यातला एक बातमी देतो."

पण ते सगळ्यात जास्त जे शिकले ते ह्या कौतुकाच्या प्रसंगातून नाही. काकू, म्हणजे त्यांची बायको, भारे वाहायला त्यांच्याबरोबर असायची. ती अंथरुणाला खिळली ती दोन वर्षं. त्या दोन वर्षांत काकांनी अर्धाच बांध कापला. वरच्या अंगाचा एक पट्टा तसाच राहिला, आणि साहेबांनी माणुसकीनं तिकडे कानाडोळा केला. काकू गेली. काका पुन्हा कामावर आले तर त्या पट्ट्यात घरजावयाशिवाय काहीच उरलं नव्हतं. फुकट्या तर औषधालाही नाही. त्याचं बी जमिनीत एक वर्ष तग धरतं, त्यापुढे नाही; ते त्यांना त्या वेळी कळलं. तो पट्टा पहिल्यासारखा व्हायला सात वर्षं लागली. शेजारच्या भागातून बिया मुठीनं आणून ते टाकत राहिले. "मला वाटलं होतं, गवताला काय, चार दिवस नाही कापलं तर सुटीच मिळाली त्याला," ते म्हणाले होते.

चौदा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि बांधावर यंत्र आलं. ठेकेदाराचं यंत्र एका दिवसात सगळा उतार भुईसपाट करतं, तेही वर्षातून दोनदा, बी धरायच्या आत. कापलेलं तिथेच कुजतं. खालून माती कसदार होत गेली आणि वरून फुलं कमी होत गेली. फुकट्या दिसेनासा झाला. काका खिडकीत बसून बघायचे आणि सुनेशी भांडायचे. सून म्हणायची, "बाबा, खात्यानं तुम्हाला घरी पाठवलंय, तुम्ही खात्याला घरी का घेऊन येता?"

तीन वर्षांपूर्वी माझी लेक परत आली. म्हणजे राहायला नाही, ती दुसऱ्या शहरात विद्यापीठात संशोधन करते. पण अभ्यासासाठी तिनं हाच बांध निवडला. वायरिंगच्या प्लॅस्टिक नळ्या जोडून तिनं एक मीटर लांब-रुंद चौकट केली, ती जमिनीवर टाकायची आणि आत किती प्रकार आहेत ते मोजायचं. खात्याची परवानगी काढून तिनं उताराच्या एका भागाला जाळीचं कुंपण घातलं आणि आत बारा चौकोन आखले, कोपऱ्यांना लाल खुंट्या ठोकून. कुंपणाच्या आत कुणी काहीही कापायचं नाही. बाहेर यंत्र चालू. मग दरवर्षी एकदा, ऐन फुलांच्या दिवसांत, ती येणार आणि मोजणार.

"यंत्रानं वाट लावली ना काका? मग आता माणसाचा हातच नको. दहा वर्षं सोडून देऊ, बघा कसं फुलतं."

काका पायरीवर बसले होते. म्हणाले, "पोरी, थोडासा हात लागतो गं."

"निसर्गाला तुमच्या विळ्याआधी कोण कापत होतं?"

"असेल कुणीतरी. हरणं असतील. वणवा असेल. मी थोडाच होतो बघायला?"

ती हसली आणि त्यांच्या हातात मूठभर खुंट्या ठेवून म्हणाली, "चला, धरा एवढ्या." ते गेले तिच्याबरोबर. शिकलेली पोर आहे, तिला काही ठाऊक असेल, असं त्यांनी मला परतताना सांगितलं. मलाही तसंच वाटलं. पुस्तकात मी काय शिकले होते? जंगल तोडू नये, कुंपण घालावं, जपावं. जपणं म्हणजे हात न लावणं, हे आम्हा दोघी मायलेकींना इतकं पटलेलं होतं, की समोर एकोणचाळीस वर्षं हात लावणारा माणूस बसला आहे हे दिसलंच नाही.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांची सून वर आली. "ताई, जरा बघता का हो? बाबा दुपारी जेवण झालं की दोन तास गायब असतात. विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे करतो. पाय मोकळे करणाऱ्या माणसाच्या बंडीला इतकं कुसळ लागतं का?"

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतून पाळत ठेवली. बांधावरचा पहारेकरी डबा उघडून बसला तसे काका रस्ता ओलांडून पंपाच्या खोलीमागे गेले. मी चपला अडकवून मागे. खोलीमागे जाळी आणि भिंत ह्यांच्यात हातभर फट आहे. मी कशीबशी त्यातून आत शिरले. काका उतारावर, डावा पाय दुमडून, उजवा सरळ पसरून बसले होते आणि विळ्यानं सपसप गवत कापत होते. लेकीच्या चौकोनात.

"काका!"

दचकून घसरलेच असते. मी माझी ओढणी त्यांच्याकडे फेकली, जणू काही ते नदीत बुडत होते.

"ताई, ओरडू नका. पहारेकऱ्याचा घास अडकेल."

"अहो, बंदी आहे इथे! आणि हा गुडघा! पडलात तर?"

"पडलो तर खाली गवतच आहे."

मी धपकन्‌ बसले. बघते तर लाल खुंट्यांच्या अवतीभवती इतकं हळुवार कापलेलं होतं, की एकही खुंटी हललेली नव्हती. बी सगळं झडून गेलेलं. कापलेल्या गवताचा भारा बाजूला बांधून ठेवलेला.

"हे किती दिवस चाललंय?"

"तीन वर्षं झाली. तीन-चार आठवडे दुपारचं काम असतं. मी कापतो तेव्हा पोरगी दोन महिन्यांपूर्वीच मोजून गेलेली असते, पुढच्या खेपेपर्यंत गवत पुन्हा वर आलेलं असतं. तिला त्रास नाही काही." विळा खाली ठेवून त्यांनी मला जवळ बोलावलं. "हे बघा. खिडकीशी डब्यात थोडं बी ठेवलेलं होतं, दरवर्षी कुंडीत पेरून जिवंत ठेवलेलं. पहिल्या वर्षी इथे टाकलं."

वाळलेल्या देठांवर फुकट्याच्या रिकाम्या बोंडक्या होत्या. मुठीत घेतल्या तर कुरकुरल्या.

"तिच्या चौकोनात फुलं राहायला नकोत का?" काका म्हणाले. "एवढ्या लांबून येते, वाकून वाकून मोजते. कापलं नाही तर तिला काय मिळेल? नुसता घरजावई. तिचं शिक्षण वाया जाईल ताई. सांगू नका तिला. तिनं नको म्हटलंय, रागावेल."

मी सांगणार नाही म्हटलं. तेव्हा मला फक्त गुडघा दिसत होता. पुढचे तीन दिवस पाण्याची बाटली घेऊन मीही गेले, भारे फटीतून बाहेर ढकलू लागले, आणि विचारत बसले: ह्याचं मूळ किती खोल जातं, ह्याच्यावर कोणती माशी बसते, हे आधी का फुलतं, ते नंतर का? काका म्हणाले, "तुमची लेक अशीच होती. फरक एवढाच, ती सात वर्षांची होती." मी विचारलं, पलीकडच्या सहा चौकोनांचं काय? त्यांनी मान हलवली. "तिकडे चढ जास्त. तिथे पाय टिकत नाही आता. ते गेले."

ते गेले होते, हे मलाही माहीत होतं. मागच्या उन्हाळ्यात त्या बाजूचा घरजावई एका आठवड्यात सगळाच्या सगळा करपला. सगळ्यांची मुळं सारख्याच खोलीची, सगळ्यांचं पाणी एकदमच संपलं. नंतर पावसात तिथली माती रस्त्यावर आली. मी आमच्या पायऱ्यांवरचा चिखल दोन दिवस धूत होते. कुंपणातल्या अलीकडच्या भागातही काही वाळलं, पण काहीजण खोलवरचं पाणी पीत हिरवे राहिले आणि जमीन धरून बसले. मी चिखल धुतला, पण कारण विचारलं नाही.

आज संध्याकाळी सातला लेकीचा फोन आला. आवाज असा, की जणू पेपर सोपा गेलाय.

"आई, अहवाल झाला! उद्या सकाळी नऊला खात्याला पाठवतेय. बाहेर सरासरी चौदा प्रकार, कुंपणाच्या आत अठरा! कुंपण यशस्वी झालं. आता पूर्ण बांधाला कुंपण आणि दहा वर्षं कापणी बंद, अशी शिफारस केलीय. साहेबांनी तोंडी होही म्हटलंय."

"अरे वा," मी म्हटलं. "सगळ्या चौकोनांत अठरा?"

"नाही गं, तीच तर गंमत. एक ते सहात सात-आठच आहेत. पण सात ते बारात अठ्ठावीसपर्यंत जातात! आणि तो पिवळा फुकट्या आठवतो? तो आपोआप परत आलाय! मला वाटतं एक ते सहाकडे उतार जास्त आहे, मातीत फरक असणार."

सात ते बारा. काकांच्या पायाला झेपणारे सहा.

मी "छान" म्हटलं आणि जेवलीस का विचारून फोन ठेवला. गेल्या वर्षी तिच्या मार्गदर्शकांनी काम कच्चं आहे म्हणून परत पाठवलं होतं, तेव्हा ती महिनाभर धड जेवली नव्हती, फोनवर नुसती हं हं करायची. आता कुठे तिच्या आवाजात जीव आलाय. आणि मला ठाऊक आहे की तिचे अठरा हे कुंपणाचे नाहीत, विळ्याचे आहेत. सहा चौकोन जिवंत, सहा मेलेले, त्यांची बेरीज करून भागाकार केला की अठरा येतात. ह्या भागाकारावर पूर्ण बांध बंद होणार. तीनशे पावलं घरजावई.

मी खाली गेले. काका लसूण सोलत होते, सून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दोघांसमोर सगळं सांगितलं. सुनेनं घडी तशीच मांडीवर ठेवली.

"म्हणजे पाय मोकळे करणं हे होतं का? बाबा, धन्य आहे तुमची!"

काका तिच्याकडे बघतही नव्हते. "अठ्ठावीस म्हणाली?" त्यांनी मला विचारलं. चेहरा फुलला होता. मग हळूहळू त्यांना बाकीचं कळत गेलं. लसणाची पाकळी हातात तशीच राहिली.

"म्हणजे माझ्यामुळे पोरगी चुकली."

"तुमचा हेतू तसा नव्हता, काका."

"हेतू काय करायचाय? तराजूवर बोट ठेवलं मी तिच्या. लहान असताना ती चिमटीत किडा धरून आणायची आणि विचारायची, काका, हा कोण? मला माहीत नसलं की मी सांगायचो, माहीत नाही. एकदाही खोटं सांगितलं नाही तिला. आणि आता हे." "सांगा तिला, ताई. पण असं सांगा की माझं चुकलं. तिचं चुकलं असं नका म्हणू. खात्यानं मला दंड केला, पहारेकऱ्यानं धरलं, तरी चालेल."

"पेन्शन अडवली म्हणजे?" सून म्हणाली.

"अडवू दे. बांध बंद झाला तर खिडकीत बसून काय बघू मी?"

सुनेनं घडी उचलली आणि पुन्हा घालायला लागली. "उद्या दुपारी जाताना मला घेऊन जा," ती म्हणाली. "निदान पाय धरायला तरी."

मी वर आले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, सकाळी बघू, रात्री कशाला पोरीची झोप मोडतेस. सकाळी नऊला अहवाल जाणार आहे. सकाळी बघू म्हणजे नंतर बघू.

लिहिता लिहिता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे, ती बरोबर आहे की नाही मला ठरवता येत नाही. एकाच कुंपणात, एकाच यंत्रापासून वाचलेले बारा चौकोन. सहा कापलेले, सहा न कापलेले, तीन वर्षं. असा प्रयोग तिनं मुद्दाम केला असता तर तिचे मार्गदर्शक खूश झाले नसते का? पण तो मुद्दाम केलेला नाही. गुडघ्यानं केलेला आहे. उतारात फरक आहे तो आहेच. बी बाहेरून टाकलेलं आहे. तिच्या शास्त्रात हे चालतं की सगळं फेकून द्यावं लागतं, मला कळत नाही. कदाचित तीन वर्षं पाण्यात जातील. कदाचित ती महिनाभर पुन्हा जेवणार नाही आणि मला इथे बसून ते ऐकावं लागेल. पण ती किड्याचं नाव विचारणारी पोरगी आहे. खोट्या अठरावर तिला नोकरी मिळाली आणि दहा वर्षांनी ह्या बांधावर येऊन तिनं चौकट टाकली, तर आत एकच गवत बघून ती कुणाला विचारणार?

पावणेदोन वाजले आहेत. तिला उठवायला हवं. आधी 'घरी सगळे ठीक आहेत' एवढं म्हणेन, कारण ह्या वेळी आईचा फोन आला म्हणजे तिच्या छातीत धस्स होणार. मग काकांनी जसं सांगितलं तसंच सांगेन, आणि त्यात माझंही एक वाक्य घालीन, की पंधरा दिवस मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. ती रडली तर रडू देईन. फोन ठेवू नकोस म्हणेन. अहवाल पाठवू नकोस, दिवा लाव, वही काढ आणि काकांना काय काय विचारायचं ते लिहून ठेव. ते पहाटे पाचलाच उठतात.

लावते फोन.